कार्ड विसरलेला म्हातारा

कामशेतच्या बाजारातून परतताना एसटीत एक म्हातारा नेहमी भेटतो. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्याला प्रवास फुकट झाला. गावात भाज्या इतक्या महागल्यात, की तेव्हापासून सगळी आळी स्वस्त भाजीसाठी त्यालाच कामशेतला पिटाळते. "सरकारनं तिकीट माफ केलं आन् आळीनं हमाल केलं," असं तो म्हणतो.

परवा तो वयाचं कार्ड घरी विसरला. कंडक्टर पूर्ण तिकीट मागू लागला. म्हणजे स्वस्त भाजीत वाचलेलं सगळं जाणार होतं. म्हाताऱ्याने कवळी काढून त्याच्यापुढे धरली.

"आबा, दात काय चाळिशीतबी पडतात."

म्हातारा बोळक्या तोंडाने माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच सांगा, केवढा दिसतो मी?"

मी म्हटलं, "यमाला तुमचा इसर पडलाय, एवढं दिसतंय."

कंडक्टर हसत पुढे गेला. तिकीट वाचलं, पण तिकोणा पेठेला उतरेपर्यंत म्हातारा माझ्याशी बोलला नाही.