वाटेतच बंद पडणारी मोटार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे विसरलो. पण एका बंद पडणाऱ्या मोटारीची गोष्ट अजून मनातून जात नाही. निजामी राजवटीची अखेरची वर्षं होती. तिकडे महायुद्ध चालू होतं आणि इकडे पेट्रोल परवान्यावर मिळत होतं. मी अर्धापूरकडच्या एका ठाण्यात अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार.

एका सकाळी जवळच्या गावचे देशमुख आपल्याच ड्रायव्हरला दंडाला धरून ठाण्यात आले. त्या भागात मोटार फक्त त्यांच्याकडे होती. आदल्या दिवशी त्यांच्या सुनेला कळा लागल्या. मूल आडवं, सुईणीनं हात टेकले, म्हणून तिला मोटारीत घालून नांदेडच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत मोटार तीनदा बंद पडली. सून वाचली, बाळ गेलं.

"अमीनसाहेब, यानं माझा नातू मारला," देशमुख म्हणाले. आवाज चढलेला होता, पण डोळे रडून सुजलेले. "टाकी भरलेली होती. नांदेडला मिस्त्रीला दाखवली. त्यानं उभ्या जागी सुरू करून पाहिली, इंजिन एक ठोका चुकलं नाही. मग वाटेतच कशी बंद पडली? यानंच पाडली!"

फिर्याद लिहून घेतली. देशमुखांचा चुलतभावाशी जमिनीचा दावा चालू होता, त्यामुळे संशय कुठे जातोय ते उघड होतं. दुपारी माझा खबरी आला आणि त्यानं त्यात भरच घातली. "साहेब, ह्यो ड्रायव्हर बाजारात त्या चुलतभावाच्या कारभाऱ्यासंगं चहा पिऊन राहिला व्हता. म्या सोता पाह्यलं."

झालं! आमचे जमादार तर खूशच झाले. "साहेब, थोडा वेळ माझ्या ताब्यात द्या. पोपटासारखा बोलंल."

"हात खिशात ठेवा, जमादार," मी म्हणालो. मार खाऊन माणूस काहीही कबूल करतो, अगदी चारमिनार चोरल्याचंसुद्धा.

ड्रायव्हरला समोर बसवलं, पाणी दिलं. चाळिशीचा माणूस, नखांत ग्रीस. आधी चहाचं विचारलं.

"कारभारी माझा साडू हाय, साहेब. साडूनं च्या पाजला तर नको म्हनू का?"

"बरं. मोटार का बंद पडली?"

"त्येच तर कळंना. पैली दोन-तीन मैल झ्याक चालली. मंग दम लागल्यावानी झाली, दोन आचके दिले अन् बंद. पलग पाह्यला, चांगला. वायरी चांगल्या. टाकीचं झाकण उघडून काडी बुडवली, पेट्रोल लई होतं. झाकण लावलं, हँडल मारलं, चालू! फुडं गेलो तर पुन्यांदा तसंच. मागं वहिनीसाब वरडून राहिल्या व्हत्या..."

माझा अनुभव असा की, खोटं बोलणाऱ्याजवळ कारण तयार असतं. तो म्हणाला असता, पेट्रोलात पाणी होतं, कचरा होता. हा मात्र पेट्रोल भरपूर होतं, वायरी चांगल्या होत्या, असं स्वतःच्या विरुद्ध जाणारंच सगळं सांगत होता. तरी एवढ्यावर त्याला सोडता येत नव्हतं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचा जन्म तुरुंगात गेला असता.

दिवेलागणीला जमादार कंदिलांत घासलेट भरायला बसले. नवा डबा फोडला होता. तेल जरा आलं, मग गुळगुळ करत अडलं. जमादार डब्याला शिव्या घालू लागले. मी वैतागून ओरडलो, "अहो, पलीकडून दुसरं भोक पाडा की! वारा आत शिरल्याशिवाय तेल बाहेर येईल कसं?"

बोललो आणि तिथंच थबकलो. तीनदा बंद, तीनदा झाकण उघडलं, तीनदा चालू!

सकाळी ठाण्यासमोर उभ्या केलेल्या मोटारीच्या टाकीचं झाकण हातात घेऊन पाहिलं. मधोमध कथलाचा ताजा, चकचकीत डाग होता, भांड्याचं भोक बुजवायला देतात तसला. ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो नव्हता, साहेब. मी गावी गेलो व्हतो, तवा कुनी दिला काय की." मी कुणाला काही बोललो नाही. देशमुखांना बोलावून घेतलं, टाकी भरून घेतली आणि मोटार त्याच रस्त्यानं नांदेडकडे काढली. ड्रायव्हर चालवत होता, देशमुख त्याच्याकडे पाठ करून शेजारी बसले होते, मी मागे.

केळीच्या बागा मागे पडल्या आणि इंजिनानं आचके दिले. मोटार थांबली.

"पाहा! पाहा याची हरामखोरी!" देशमुख ओरडले.

मी त्यांना टाकीपाशी नेलं आणि ड्रायव्हरला झाकण उघडायला सांगितलं. झाकण सैल होताच सूं करून वारा आत शिरला. हँडल मारलं, इंजिन सुरू. मी डागावर बोट ठेवलं. "झाकणाचं भोक वारा आत जायला असतं. वारा गेला नाही तर पेट्रोल टाकीतच अडतं. हे कुणी बुजवलं?"

देशमुखांचा चेहरा उतरला. "मीच," ते म्हणाले. "वास यायचा... पेट्रोल उडून जातं वाटलं. कल्हईवाल्याकडून..." आणि ते तिथंच रस्त्याच्या कडेला मातीत बसले. एवढा ताठ माणूस, पण लेकरासारखा रडला. मलाही बघवेना.

ड्रायव्हर त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "मालक, म्या बी तीनदा उघडलं अन् तीनदा माझ्याच हातानं आवळून बसवलं. मला तरी कुठं कळलं?"

खिळ्यानं डाग काढला. मोटार न थांबता नांदेडला पोचली. दवाखान्याच्या दारात देशमुख अडखळले. "अमीनसाहेब, सुनेला काय सांगू?"

"खरं आहे तेच सांगा. बाजारातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या."

त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. पोर भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. मग तिनं विचारलं, "मामंजी, आता भोक पाडलं का?"

"पाडलं, माय."

"मंग मोटार दारात ठिवू नका. कोळ्याच्या सुनंचे दिवस भरत आलेत. तिला हितं दवाखान्यात आना मोटारीतून."

फिर्याद मागे घेतली गेली. वाईट घडलं की आपण आधी माणूस शोधतो आणि मग त्याला बसेल असा गुन्हा शोधतो. त्यानंतर फिर्यादीला "संशय कुणावर?" हे विचारण्याआधी मी "अलीकडे काय बदललं?" हे विचारू लागलो. त्यानं पुढे बरीच माणसं वाचली.

पुढच्याच आठवड्यात तोच ड्रायव्हर कोळ्याच्या सुनेला घेऊन ठाण्यावरून गेला. शेजारी देशमुख बसले होते. मी रस्त्यावर येऊन, मोटार दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. ती कुठं थांबली नाही.