मामांच्या स्लॅबवरचं न धरलेलं वजन

मामांचा फोन आला तो आनंदातच. "पोरी, घरावर अजून एक मजला चढवू म्हणतो. तूच बघ काय ते."

धाराशिवला माझं छोटंसं ऑफिस आहे, इमारतींची डिझाईनं करते. कळंबचं मामांचं घरही मीच केलेलं, दोन वर्षांपूर्वी. मामांचा धान्याचा धंदा. खाली ओल धरते, सोयाबीनला बुरशी येते, म्हणून पोती सगळी वरच्या मजल्यावर आणि माणसं खाली.

मामांसाठी घर करणं सोपं नव्हतं. भूकंपाच्या साली लोहाऱ्याकडच्या त्यांच्या गावात मातीचं माळवद, म्हणजे जाड मातीचं सपाट छत, खाली बसलं आणि माझे आजी-आजोबा त्याखाली गेले. पावसाळ्याआधी त्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचं काम दरवर्षी मामांकडंच असायचं. तेव्हापासून हा माणूस पक्क्या छताखाली कधी झोपलाच नाही. पत्र्याचं शेड, नाहीतर अंगण. हे घर भूकंपातही उभं राहील असा मी शब्द दिला, तेव्हा कुठं ते आत झोपायला लागले.

नव्या मजल्यासाठी जुनी फाईल उघडली. भूकंपाच्या गणितात इमारतीवरच्या वजनाचं वस्तुमान करावं लागतं, कारण जमीन हलली की तेच इमारतीला ओढतं. पण कुठलं वजन किती धरायचं, त्याची यादी सॉफ्टवेअरला आपण द्यायची असते. यादीत भिंती होत्या, स्लॅब होता, घरातलं सामान होतं. धान्य नव्हतं!

नीट कळावं म्हणून मी शहाणीनं पोत्यांचं वजन वेगळ्या नावानं टाकलं होतं, आणि यादीत घ्यायलाच विसरले होते. उभं वजन पेलायला खांब ठणठणीत, पण हलायच्या गणितात वरचा मजला अगदी रिकामा. नियमानं त्यातलं निम्मं तरी धरायला हवं होतं. ते धरलं, गणित पुन्हा चालवलं. स्क्रीनवर खालच्या खोलीचे खांब एकामागून एक लाल झाले, म्हणजे भूकंपात ते टिकणार नव्हते. मामांचा पलंग त्याच खोलीत आहे.

अगं आई गं, काय करून बसले मी! कुणाला कळणार आहे, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू. त्या विचाराची मला खांबांपेक्षा जास्त भीती वाटली. फोनवर सांगायला जीभ उचलेना, म्हणून तशीच उठले आणि कळंबची एसटी पकडली. गाडी खड्ड्यात आदळली की जमीनच हलली असं वाटायचं. अजून दोन तास, तेवढं काही होऊ देऊ नको, असं मी सारखं आईभवानीला विनवत होते.

दारातच म्हणाले, "मामा, वरची पोती आजच्या आज खाली काढा. भूकंपाच्या गणितात ती धरायची राहिली, माझं चुकलंय."

मामी हसायला लागली. "पोती काय उड्या मारत्यात व्हय गं?"

"मामी, डोक्यावर ओझं घेऊन एसटीत उभ्या राहिलात आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, तर?"

मामीचं हसू थांबलं. मामा वर स्लॅबकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी आमच्या माळवदावानीच की."

मला रडू आवरेना. मामा एका शब्दानं रागावले नाहीत. चपला घातल्या आणि हमाल आणायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवस मावळेपर्यंत सगळी पोती शेजारच्या गोदामात गेली. वरचा मजला झाडून काढला. मी लॅपटॉपवर धान्याचं वजन काढून टाकलं, गणित चालवलं. एकही खांब लाल नाही. यादी तपासली, परत तपासली, तिसऱ्यांदा मामीला शेजारी बसवून मोठ्यानं वाचली.

जेवणं झाल्यावर मामांनी विचारलं, "आता झोपू का आत?"

सगळं ठीक दिसत होतं. मला व्हय म्हणता येईना.

"माझंबी अंथरूण इथंच टाका," एवढंच मी म्हणाले.

मामा पडल्या पडल्या घोरायला लागले. मी टक्क जागी. एवढा विश्वास ठेवू नका हो माझ्यावर, असं त्यांना हलवून उठवून सांगावंसं वाटत होतं.