कौन नाही, काऊन

पुण्याच्या साहेबांनी फोनवर दोनच पर्याय ठेवले. कामाचं नियोजन करणारं नवं सॉफ्टवेअर बाहेरच्या सल्लागारांकडे सोपवायचं, नाहीतर आपल्याच माणसांना शिकवून चालवायचं. मग सहज सांगावं तसं म्हणाले, "सल्लागार घेतले तर तुमच्याकडची एक जागा कमी करावी लागेल. त्या दहावी पास बाई आहेत ना, त्यांची."

त्या बाई म्हणजे आमच्या भाभी. अमडापूरकडे शिवणकाम करायच्या, तिथून आमच्या संस्थेत आल्या आणि आठ गावांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्यांना तोंडपाठ झाली. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचं नाव निघणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेना, म्हणून आम्ही गावोगाव कामगंध सापळे लावायला लागलो. सापळ्यात वासाची वडी असते, त्या वासाला अळीचे पतंग येऊन अडकतात. वडी काही आठवडेच टिकते. लवकर लावली तर वाया, उशिरा लावली तर कापूस हातचा गेला. कुठल्या गावात सापळे कधी लावायचे, हे सांभाळायलाच ते सॉफ्टवेअर आलं होतं.

चिखलीचं ऑफिस माझ्याकडे होतं. खरं सांगते, मी सल्लागारांच्याच बाजूची होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तशातली मी. पुण्याचा माणूस चार वाक्यं इंग्रजीत बोलला की मला हायसं वाटायचं.

सल्लागार नमुना दाखवायला आला. मुलगा हुशार होता, नम्रही होता. आमची गावं त्याने आधीच भरून आणली होती. भिंतीवर ओळी उमटल्या, काही हिरव्या, काही पिवळ्या. भाभींची तीन गावं मात्र लालभडक.

भाभींनी विचारलं, "हे लाल काऊन हो?"

"कौन? तेच तर सॉफ्टवेअर सांगतं!" तो खूश होऊन म्हणाला आणि त्याने एक बटण दाबलं. 'जबाबदार व्यक्ती' असं लिहून पुढे भाभींचं नाव आलं. सापळे लावायला उशीर झाल्याचा मेल आपोआप पुण्यालाही गेला. दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

भाभींचा चेहरा उतरला. मग त्या उठून पडद्याजवळ गेल्या.

"भाऊ, मी कौन नाही म्हटलं, काऊन म्हटलं. काऊन म्हणजे कशापायी. या तीन गावात पावसानं दडी मारली, दुबार पेरणी झाली. पऱ्हाटी आत्ता वीतभर हाये. तिले पात्याच नाही, कळ्याच नाही, तं पतंग कशाले येईन? आज सापळे लावले तं वड्या फुकट जातीन. म्हणून मी थांबून राह्यली."

सॉफ्टवेअर पहिल्या पेरणीचीच तारीख धरून बसलं होतं. मला माझी लाज वाटली, आणि लगेच राग आला. राग मला लाजेपेक्षा बरा जमतो. तिथूनच साहेबांना फोन लावला. "सल्लागार नकोत. आमची माणसं शिकतील. हंगाम संपेपर्यंत नाही जमलं, तर भाभींच्या आधी माझी जागा कमी करा."

पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. एकाने अख्खा तालुका पुसून टाकला आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, गावं कुठी गेली?" शेवटी भाभींनीच शिकवायला घेतलं. "काज केल्याबिगर बटन लावता का बे? तसंच हाये हे. आधी पेरणी, मंग पात्या, मंग सापळा." जाडजूड पुस्तिकेतून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या एका वाक्यात शिरलं. आणि लाल ओळीपुढे आम्ही एक नवा रकाना घातला: 'काऊन?' मग माणसं लिहायला लागली. एसटी आली नाही. सापळ्याच्या काठ्या संपल्या. दुबार पेरणी. कारण त्याच दिवशी कळायचं, म्हणून कामही लवकर सुटायचं.

दुबार पेरणीच्या त्या तीन गावांत सापळे अगदी वेळेवर लागले. दिवाळीनंतर भाभींनी माझ्यासमोर बोंडं फोडून दाखवली. एकामागून एक, पांढरीशुभ्र. मी त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, आनंदाने अक्षरशः ओरडले. लोक बघत होते, बघू देत.

पुढच्या हंगामाआधी साहेबांनी भाभींना पुण्याला बोलावलं, बाकी जिल्ह्यांच्या ऑफिसांना शिकवायला. मागच्या रांगेत तो सल्लागारही वही घेऊन बसला होता. पडद्यावरचा रकाना बघून कुणीतरी विचारलं, "मॅडम, हे कौन म्हणजे?"

"कौन नाही, काऊन," भाभी म्हणाल्या. "कौन विचारलं का माणूस लपते. काऊन विचारलं का काम सापडते."

त्या प्रशिक्षणाचीही एक ओळ सॉफ्टवेअरमध्ये होती. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात भाभींचं नाव. संध्याकाळी साहेबांनी स्वतः उठून ती हिरवी केली.