दुसऱ्या बाजूला पाहणारे खुटवडकाका

श्री. सोपानराव खुटवड यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका गजऱ्यामुळे. संशोधक विद्यार्थिनी म्हणून संस्थेत माझा पहिला दिवस होता. आईने हौसेने मोगऱ्याचा गजरा माळून दिला होता. प्राणिगृहाच्या दारात निळा अंगरखा घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं.

"मॅडम, वासाचं काय घेऊन आत जाऊ नका. उंदरं बिथरत्यात."

मी गजरा काढला आणि कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, काचेच्या एका बशीत थोडं पाणी घालून त्यात ठेवला आणि बशी बाहेरच्या खिडकीत नेऊन ठेवली. संध्याकाळी निघताना त्यांनीच आठवण केली, "तुमची फुलं ऱ्हायली." हेच आमचे काका. या वर्षी ते साठ वर्षांचे झाले आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवअंकात लिहिण्याचा मान मला मिळाला.

काका मूळचे धायरीचे. धायरी गाव होतं तेव्हा दहावी होऊन ते सायकलवरून संस्थेत आले आणि पिंजरे धुण्याच्या कामाला लागले. आज त्यांच्या शेताच्या जागी इमारती आहेत. कुणी विचारलं तर काका एवढंच म्हणतात, "आमच्या ज्वारीच्या रानात आता लिफ्ट हाय." पिंजरे धुता धुता ते प्राण्यांना हाताळायला शिकले, मग सुई धरायला, मग सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा वाचायला. प्राणिगृहाचे प्रमुख तंत्रज्ञ होईपर्यंत संस्थेतल्या कितीतरी डॉक्टरेटना त्यांचा हात लागलेला होता. त्यातली एक माझी.

वाचकांसाठी आमच्या कामाबद्दल थोडं सांगते. कॅन्सरच्या काही गाठींवर प्रकाशाने उपचार करता येतात. शरीरात एक औषध सोडायचं, ते गाठीत साठू द्यायचं आणि मग त्या गाठीवर ठरावीक वेळ लाल प्रकाश टाकायचा. प्रकाश पडला की औषध जागं होतं आणि गाठीतल्या पेशी मरतात. मरणाऱ्या पेशींची वर्दी मिळून शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी तिकडे धावतात. त्या कुठून निघतात, कोणत्या दिवशी पोहोचतात, किती टिकतात, हे शोधणं माझं काम होतं. त्यासाठी या पेशींना चमकणारा रंग लावून त्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून आत सोडायच्या आणि बंद पेटीतल्या कॅमेऱ्याखाली रोज त्यांचा माग काढायचा.

ती शीर दोऱ्याएवढी बारीक असते. पहिले दोन आठवडे माझी सुई रोज चुकत होती. काका शेजारी स्टुलावर बसून पाहत. कधी आवाज चढला नाही की घाई केली नाही. शेपूट कोमट पाण्यात किती वेळ धरायची, अंगठा कुठे ठेवायचा, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा दाखवलं. एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "तुमी श्वास धरून बसता, मॅडम. त्यालाबी कळतं ते. सोडा श्वास." मी श्वास सोडला आणि सुई शिरेत गेली. आज माझे विद्यार्थी सुई घेऊन बसतात, तेव्हा मी त्यांना काकांचंच वाक्य ऐकवते.

आता जो प्रसंग सांगायचा आहे, त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. पण तो वगळून काकांबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

माझ्या प्रयोगात प्रत्येक उंदराच्या अंगावर दोन गाठी होत्या, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. उजव्या गाठीवर प्रकाश टाकायचा, डावी काळ्या कागदाने झाकायची. उजवीकडे तयार झालेल्या पेशी आपण होऊन डावीकडच्या गाठीपर्यंत जातात का, हा प्रश्न होता. तसं होत असेल, तर कॅन्सर शरीरभर पसरलेल्या रुग्णांसाठी ती फार मोठी आशा ठरली असती. आणि दुसऱ्याच दिवशी पडद्यावर डावी गाठ चमकली! एका उंदरात नव्हे, ओळीने सगळ्यांत. आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. एका मोठ्या परिषदेसाठी शोधनिबंधाचा सारांशही गेला.

त्याच आठवड्यात काका माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, जरा डावी बाजू बगा त्यांची. कातडी तांबूस झालीय, उन्हानं भाजल्यावानी. उजेड पलीकडं गेला असंल."

मला ते ऐकायचंच नव्हतं. मी म्हणाले, "काका, तुम्ही पिंजऱ्यांचं बघा. निकालाचं मी बघते."

"बरं," म्हणून ते गेले.

दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी प्रकाश मोजण्याचं यंत्र घेतलं आणि काळ्या कागदाखाली ठेवून दिवा लावला. आकडा हलला. उंदीर श्वास घेई तसा कागद कडेला उचलला जात होता, आणि एवढ्याशा शरीरातून थोडा प्रकाश आरपारही येत होता. डावी गाठही थोडी भाजली होती, म्हणून तर पेशी तिकडे धावल्या होत्या. माझी मोठी आशा म्हणजे एक गळका दिवा होता.

मी खाली गेले. काका पाण्याच्या बाटल्या घासत होते.

"काका, तुमचं बरोबर होतं. आणि मी तुमच्याशी फार वाईट बोलले."

"माजं काय न्हाई वो," बाटली न सोडता ते म्हणाले. "पर त्या उंदरांनी जीव दिलाय. त्यो खोट्यापायी जायला नको."

इतक्या वर्षांत विज्ञानाच्या नीतीवर मी बरीच व्याख्यानं ऐकली. त्यातलं एकही मला या वाक्याइतकं लागलं नाही.

मी सगळं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "परिषदेला पत्र लिहा. सारांश मागे घेतो म्हणून. आजच." आणि थोड्या वेळाने, "खुटवडांना विचारा, झाकायचं कसं."

काकांनी नारायण पेठेतल्या एका पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणली. तिचे तुकडे कापून, आतून चंदेरी कागद लावून प्रत्येक उंदराच्या मापाचं झाकण केलं. दिव्याचा कोनही बदलला. सगळं पहिल्यापासून करण्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. या वेळी दुसऱ्या दिवशी डावीकडे काहीच नव्हतं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी अगदी मंद चमक दिसली, तीही काही उंदरांत, सगळ्यांत नाही. पडद्याकडे पाहत काका म्हणाले, "हे खरं वाटतंय." प्रबंध त्याच मंद चमकेवर झाला, आणि आजही ती कुणी खोडून काढलेली नाही.

पुढे माझ्या आईलाच कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणारा प्रत्येक जण "काही होत नाही, ठणठणीत व्हाल" असं म्हणून जाई. आई सदाशिव पेठेतली. खोटा धीर तिला पटकन ओळखू येतो. एका दुपारी काका आले, घरच्या पेरूंची पिशवी घेऊन. आईने त्यांना थेट विचारलं, "अहो, खरं सांगा, तुमच्या उंदरांना बरं वाटतं का हो?"

मी घाबरून काकांकडे पाहिलं. ते आईकडे पाहून म्हणाले,

"काहींना वाटतं, वैनी. समद्यांना न्हाई. पर दुखू देत न्हाई आमी कुणाला."

त्या आठवड्यात आई पहिल्यांदा हसली. म्हणाली, "चला, एक तरी माणूस खरं बोलला." पुढचे सगळे उपचार तिने न कुरकुरता घेतले. ती आज बरी आहे, आणि हा प्रसंग लेखात आलाच पाहिजे ही तिचीच आज्ञा.

लॉकडाउनच्या काळात काका धायरीहून निघाले तेव्हा सिंहगड रस्त्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं. कुठे चाललात, या प्रश्नाला त्यांनी "उंदरांना जेवाय घालाय" असं खरं उत्तर दिलं आणि त्यापायी त्यांना तासभर उन्हात उभं राहावं लागलं. शेवटी बाईंनी फोनवरून शपथेवर सांगितलं, तेव्हा सुटका झाली. त्यानंतर काही आठवडे ते संस्थेच्या भांडारघरातच राहिले.

एक गोष्ट या निमित्ताने सर्वांसमोर कबूल करायची आहे. त्या मंद चमकेवरच्या माझ्या शोधनिबंधावर लेखक म्हणून काकांचं नाव नाही. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, आभारात आहे. तेव्हा तशीच पद्धत होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण मी बाईंना एकदा विचारू शकले असते. विचारलं नाही. गेल्या वर्षीच्या आमच्या निबंधावर त्यांचं नाव तिसरं आहे. छापील प्रत दिली तेव्हा त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "स्पेलिंग बरोबर हाय."  उशीर झाला होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

काका आता निवृत्त होत आहेत. जनावरांना रविवार नसतो, म्हणून त्यांनाही कधी तो मिळाला नाही. यापुढे मिळावा. गुडघे साथ देवोत, नजर आहे तशीच राहो, नातवंडांच्या लग्नात त्यांनी पंगतीला उभं राहून वाढावं, इतकं निरोगी आणि दीर्घ आयुष्य त्यांना लाभो. काकांच्या पत्नी मंदाकाकूंनी समुद्र अजून पाहिलेला नाही. त्यांची कोकणची सहल आजवर प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या प्रयोगासाठी रद्द झाली. त्यातले निदान दोन प्रयोग माझे होते. ती सहल यंदा व्हावी, आणि परतायची त्या दोघांना मुळीच घाई नसावी.