आतलं बघणारा

बिबवेवाडीतल्या आमच्या स्कॅन सेंटरच्या तंत्रज्ञाचं नाव मला आजही माहीत नाही. बायकोच्या ऑपरेशननंतर दर सहा महिन्यांनी आम्ही तिथे जातो आणि दर वेळी तो खेकसतो, "चपला रॅकवर ठेवा. हे मंगल कार्यालय नाही."

मशीनबद्दल विचारलं की मात्र तो खुलतो. "एक्स-रे म्हणजे सावली. हाड किरण अडवतं, म्हणून पांढरं दिसतं. सीटीत तेच किरण गोल फिरतात आणि पावासारखे काप दाखवतात. सोनोग्राफीत किरण नाहीत, नुसता आवाज, आदळून परत येणारा. एमआरआयचं लोहचुंबक अंगातल्या पाण्याला बोलायला लावतं."

"आणि आज काय दिसलं?"

"ते डॉक्टर सांगतील. मी फोटोग्राफर."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मी तरी दर वेळी तिथेच काही सापडतंय का बघत बसतो.

काल एमआरआय लांबला. काचेपलीकडे तो बराच वेळ स्क्रीनसमोर उभा होता. मग बाहेर आला. बायको खुर्चीत बसून मंगळसूत्र गळ्यात घालत होती. तो रॅककडे गेला, तिच्या चपला उचलून आणल्या आणि वाकून तिच्या पायांसमोर सरळ मांडल्या.

"सावकाश उठा, वहिनी."

"आज माणसात आला म्हणायचा," बायको रिक्षात हसत म्हणाली.

मी नुसता हो म्हणालो. रिपोर्ट उद्या मिळणार आहे. त्यानं नेहमीसारखं खेकसायला हवं होतं.