दादाचे मुतखडे आणि मी

आमच्या कपडे शिवायच्या दुकानात दादाचं राज्य. तो कापणार, मी शिवणार. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न, "दादा कुठाय?" मी समोर बसलेय, ती काय पुतळा म्हणून? कोटाची बाही त्याच्यासारखी कुणी बसवत नाही, कबूल. पण आतलं अस्तर मी लावते, ते कुणाला दिसतंय!

बाबा गेले, पण दादाकडे सगळं त्यांचंच. हात त्यांचा, चालणं त्यांचं आणि मुतखडेही त्यांचेच. शाळेत असताना त्याचा पहिला खडा पडला आणि आईला तिसरं माणूस दिसेनासंच झालं. "थेट बाबांवर गेलाय," हे ती अशा थाटात सांगते, जसं काही पोराला पदकच मिळालंय. आणि मी? "तू माझ्यावर गेलीस, ठणठणीत." झालं, विषय संपला.

बाबांचा नियम होता, मशीनजवळ पाणी आणायचं नाही. रेशमावर थेंब पडला की कपडा गेला. दादाला मात्र सूट. आई त्याच्यासाठी सारखी पाणी आणते आणि तो पिईपर्यंत तिथेच उभी राहते. शेजारी माझ्या घशाला कोरड. मागितलं तर, "उठून घे की, तुला काय धाड भरलीय?" माझा नुसता तिळपापड व्हायचा. मग मीही हट्टाला पेटले. दुकान बंद होईपर्यंत घोटभर पाणी प्यायचे नाही. ठणठणीत ना मी? बघाच मग!

यंदा दादाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी खडा तपासायला पाठवला होता. म्हणाल्या, "हा साधा खडा नाही, रक्तातूनच आलाय."

"ह्याच्या बाबांचा," आई लगेच म्हणाली.

"एकट्या बाबांचा नाही. आई आणि वडील, दोघांकडून दोष आला तरच असा खडा होतो. सख्ख्या बहिणीलाही तपासून घ्या."

आईचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तपासायला मी एकटीच गेले. माझी डावी किडनी खड्यांनी गच्च भरलेली निघाली. "दुखलं कसं नाही?" बाई विचारत होत्या. पाठ दुखायची, पण मशीनवर बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच की! ती किडनी काढावी लागणार होती. उजवीतही खडे धरायला लागले होते. तरी घरी येताना मनात एकच, आता बघू आई कुणाजवळ उभी राहते.

आई दादाच्या शर्टाला बटण लावत होती. मी सगळं सांगितलं. सुई तिच्या हातात तशीच राहिली. डोळे भरून आले तिचे. कधी नव्हे तो तिने माझा हात घट्ट धरला.

"दादाला इतक्यात सांगू नकोस हं," ती म्हणाली. "आत्ताच ऑपरेशन झालंय त्याचं. त्याला सोसायचं नाही."