नलूसाठी ठाण्याची पायरी

१९७७च्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी जोरात असताना, पुलगावजवळ रेल्वेरुळालगतच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नलू मेलेली सापडली. नलू हिजडा होती. गाडीच्या धक्क्यानं गेली, असं ठाण्यात लिहून झालं आणि प्रेत कौशल्याबाईच्या हवाली केलं.

कौशल्याबाई तिची गुरू. आंजीच्या एका शेतकऱ्याच्या घरी मुलगा म्हणून जन्मली आणि मिसरूड फुटायच्या आत घराबाहेर पडली. पुलगावला गिरणीमागच्या चाळीत तिचं बिऱ्हाड होतं. कुणाकडे पाळणा हलला की ढोलकी घेऊन बधाईला जायचं, त्यावर पोट चालायचं. नलूला तिनं पोटच्या लेकीसारखं वाढवलं होतं.

शेवटची अंघोळ घालताना तिला नलूच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ दिसले. ती ओल्या हातांनीच ठाण्यात गेली.

"गाडी गळा नाई दाबत, साहेब," ती म्हणाली.

ठाणेदारानं विचारलं, तू तिची कोण? तक्रारीला गुरू हे नातं त्याला चालेना. रक्ताचं माणूस आण, म्हणाला. नलूचा भाऊ हरिदास पवनारला शेती करायचा. त्यानं दारातूनच सांगितलं की आमच्या लेखी तो केव्हाच मेला.

मग कौशल्याबाई स्वतःच विचारत सुटली. बधाईचं नाचगाणं झालं की ती नलूचं नाव काढी, नलू गेली त्या सांजेला कुणी काही पाहिलं का म्हणून विचारी. लोक हसत, विषय बदलत. हळूहळू काही घरं तिला पाहून दार लावून घेऊ लागली. तिची दुसरी चेला शकू कुरकुरायची, की मेलेलीच्या पायी जित्यांची उपासमार.

पुढच्या साली सुमित्राबाई नावाच्या एका शेतकरणीला मुलगा झाला. तिचं शेत रुळाच्या पलीकडे. कौशल्याबाई शकूला घेऊन तिथे बधाईला गेली. नलूचं नाव निघताच सुमित्राबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ते दोघींनीही पाहिलं.

बाहेर आल्यावर शकू म्हणाली, "शाप द्या तिले. बरोबर बोलते मंग."

"आत्ताच त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला ना मी," एवढं बोलून कौशल्याबाई चालू लागली. पण शापाचा एक शब्द टाकला असता तर, हे तिच्या मनातून जाईना.

महिनाभरानं, बाजाराच्या दिवशी, सुमित्राबाई लेकराला कडेवर घेऊन चाळीत आली. बसायच्या आधीच म्हणाली, "सांगतो मी सारं. माह्या लेकराले शाप नोका देऊ."

गप्प बसून तिची भीती तशीच राहू देणं कौशल्याबाईला सोपं होतं.

"मी नाई देत शाप," ती म्हणाली. "भेवानं सांगत असशीन तर घरी जा, माय."

सुमित्राबाई उठली नाही. लेकरू रडलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं. मग खाली पाहत बोलू लागली. त्या सांजेला कापसाचं गाठोडं घेऊन निघताना तिनं ज्वारीच्या वावरातून नलूचं गयावया करणं ऐकलं होतं. दोन पुरुषांचे आवाज होते. ती धुऱ्याआड दडून बसली. नंतर फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. तोंडं तिनं पाहिली नव्हती. यात पडायचं नाही, अशी सासऱ्याची ताकीद होती.

तेच बयान तिनं ठाण्यात दिलं. सासऱ्यानं तिला माहेरी धाडलं. परत न्यायला वर्ष घातलं. कागदावर अपघाताचा खून झाला, पण मारेकरी अज्ञातच राहिले. पुढे तपास बंद झाला. कौशल्याबाईचं जाणं बंद झालं नाही. ठाणेदार बदलला की ती नव्याकडे जायची.

त्यावरूनच लोकांना ती माहीत झाली. चौऱ्याऐंशीत आंजीहून लीलाबाई आली. तिची लेक सासरच्या विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं सासरचे सांगत होते. लीलाबाईची तक्रार कुणी घेत नव्हतं.

"तुमी भेत नाई म्हनते ठाण्यात जायाले," ती म्हणाली. "मले नेता का संग?"

कौशल्याबाईला भीती वाटायचीच. शिपायांचं हसणं तिला दरवेळी लागायचं. तरी ती गेली. दुपार कलेपर्यंत दोघींना बाहेर बसवलं, तेव्हा कुठे लीलाबाईची तक्रार लिहून घेतली.

निघता निघता कौशल्याबाईनं विचारलं, "अन् नलूचं काय झालं, साहेब?"

ठाणेदार नवीन होता. "कोण नलू?"

कौशल्याबाई परत खाली बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.